लाज काढण्याचे प्रकार

"मॅडम, उद्या अकरा वाजता साहेबाला काळं फासणार आहोत. तुम्ही येताय ना?"

असे फोन मला कित्येक वर्षं येत होते, लग्नाचं आमंत्रण द्यावं तसे. मी विचारायचे, किती जण? घोषणा कुठल्या? शाई की ऑइल? ऑइल म्हणाला की मी भडकायचे. "डोळ्यात गेलं तर माणूस आंधळा होईल आणि तू आत जाशील. तुझ्या पक्षाचा साहेब पण सोडवायला येणार नाही. शाई आण." तो बिचारा म्हणायचा, "बरं मॅडम, शाई." मग मी फोन ठेवून आमच्या वरिष्ठांना कळवायचे आणि दुसऱ्या दिवशी ती शाईची बाटली गेटवरच जप्त व्हायची. ती जप्त होणार हे त्यालाही ठाऊक असायचं. फोटो निघायचे, आम्ही त्याला गाडीत घालायचो, दुपारी चहा पाजून सोडून द्यायचो. अधिकाऱ्याचं तोंड स्वच्छ राहायचं आणि तरी व्हायची ती शोभा झालेली असायची.

मी मुंबई पोलिसातून सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले त्याला आता वर्ष होईल. माझी बहुतेक नोकरी पूर्व उपनगरातल्या एका ठाण्यात, एकाच टेबलावर गेली. या टेबलाला आमच्यात 'मिल स्पेशल' म्हणतात. एके काळी गिरण्यांमधल्या संपांची खबर काढायला ते सुरू झालं असावं. गिरण्या गेल्या, टेबलाचं नाव राहिलं. काम एवढंच की आपल्या हद्दीत कोण कशावर नाराज आहे आणि कधी रस्त्यावर उतरणार आहे हे आधी शोधून काढायचं. साध्या कपड्यांत फिरायचं, सभेत मागच्या रांगेत बसायचं, कान उघडे आणि तोंड बंद ठेवायचं, मग अहवाल लिहायचा. लोकांना वाटतं हे गुप्तहेराचं काम आहे. कसलं गुप्त! मी मंडपात शिरले की स्टेजवरून माइकवर आवाज यायचा, "कांबळे मॅडमना खुर्ची द्या रे."

अहवालात आंदोलनाचा प्रकार लिहायला एक रकाना असे. मोर्चा, धरणं, उपोषण, घेराव, रास्ता रोको आणि शेवटी 'इतर'. माझ्या नशिबात बहुतेक वेळा 'इतर'च यायचं. कारण मुंबईच्या माणसाला धरणं धरून बसायला वेळ नसतो. त्याला नोकरीवर जायचं असतं. त्यामुळे तो झटपट काहीतरी करतो आणि ते काहीतरी म्हणजे समोरच्याची चारचौघांत लाज काढणं. जागेवर न सापडणाऱ्या अधिकाऱ्याच्या खुर्चीला हार घाल, बंद पडलेल्या सरकत्या जिन्याचं तेरावं घाल, ऑफिसच्या दाराला कंदील टांगून 'साहेबांना अंधारात दिसत नाही' असा कागद चिकटव. हे सगळं एकाच शब्दात कोंबायचं तरी कसं? एकदा नव्यानेच आलेल्या फौजदार पोरीने मला विचारलं, "मॅडम, या 'इतर'ची काही व्याख्या आहे का?" शिकून आलेली पोर होती, तिला सगळ्याची व्याख्या लागायची. मी तेव्हा तिला उडवून लावलं. पण प्रश्न डोक्यात राहिला.

माझ्या आजोबांना सातारच्या बाजूला त्यांच्या गावात, पाटलाच्या दारावरून जाताना पायातल्या वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. ते सांगताना त्यांचा आवाज खाली जायचा, म्हातारपणीसुद्धा. लाज काढणं ही काही आंदोलनवाल्यांनी शोधलेली गोष्ट नाही. वरच्याने खालच्याची लाज काढण्याची रीत फार जुनी आहे आणि तिला जुलूम म्हणतात. म्हणून मी माझ्यापुरती व्याख्या अशी केली की, ज्याच्या हातात दुसरं काहीच नाही अशा माणसाने, ज्याच्या हातात सगळं आहे त्याला, त्याच्या कामावरून चारचौघांत खाली बघायला लावणं, हे आंदोलन. यातला एकेक शब्द मला नोकरीने शिकवला आहे. 'त्याच्या कामावरून' हे शब्द तर फार उशिरा आणि फार महागात शिकवले. ते पुढे सांगते.

आधी जरा गमतीचं सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई दिवाळीला रडवायला बसली.

सगळ्यात सौम्य प्रकार म्हणजे खुर्चीची लाज काढणं. त्यात माणसाला कोणी हात लावत नाही. घाटकोपरला एका खड्ड्याचा पहिला वाढदिवस झाला होता. फुगे, टोप्या, केक, सगळं. कॉलनीतल्या निवृत्त काकालोकांनी केला होता. रस्त्यांचे साहेब नेमके तिथून जात होते, त्यांना अडवून सुरी हातात दिली. मला वाटलं आता वाट लागली. पण साहेब खमके. त्यांनी केक कापला, एक तुकडा खाल्ला, वर आणखी एक मागितला आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी उत्सवमूर्ती नसतील हो." आठवड्याच्या आत खड्डा बुजला. काकालोक पेढ्यांचा पुडा घेऊन त्यांच्या ऑफिसात गेले. माझ्या मते ते आमच्या हद्दीतलं सगळ्यात झकास आंदोलन होतं, आणि अहवालात मी त्याच्यावर दोन ओळी खरडल्या.

दुसरा प्रकार स्वतःचीच लाज काढण्याचा. भर चौकात मुंडण करून घेणं, चिखलात बसणं, सदरा काढून कलेक्टरच्या दारात उभं राहणं. बाहेरच्या माणसाला हे वेडेपण वाटतं. पण त्यात असं म्हणणं असतं की, बघा, तुमच्यामुळे आमच्यावर काय वेळ आली. असं करणाऱ्याच्या डोळ्यांकडे मला कधी धड बघता आलं नाही.

तिसरा प्रकार माणसाच्या तोंडाचा. काळं फासणं, चपलांचा हार, बांगड्यांचा आहेर. बांगड्यांचं मला विशेष. एकदा आमच्या हद्दीत मंगळसूत्रं खेचण्याचे प्रकार वाढले होते, म्हणून वीस-पंचवीस पुरुष ताटात बांगड्या घेऊन ठाण्यावर आले. मोठे साहेब केबिनमध्ये, दाराशी मी. त्यांचा पुढारी म्हणाला, "साहेबांना सांगा, या भरा आणि घरी बसा." मला असा राग आला! मी दोन्ही हात पुढे केले आणि म्हटलं, "साहेबांना कशाला? मला भरा की. गेल्या महिन्यात जो मंगळसूत्रचोर पकडला, तो याच हातांनी धरला होता. नुसत्या हातांनी. बांगड्या असत्या तर त्याच्या गालावर वळ तरी उठले असते."  पुढाऱ्याच्या मागे, एवढ्या पुरुषांत एकट्याच, एक म्हाताऱ्या आजी होत्या, मंगळसूत्र गेलेल्या. त्यांना हसू फुटलं. त्यांनी पुढे होऊन माझा हात दाबून दाबून खरंच हिरव्या बांगड्या चढवल्या. "माप बरोबर बसला गं बाय," म्हणाल्या. शेवटची बांगडी फुटेपर्यंत मी त्या घातल्या. साध्या कपड्यांत असायचे म्हणून खपून गेलं.

चौथा प्रकार घराचा. ज्याच्या कामाबद्दल तक्रार आहे त्याच्या ऑफिसात न जाता घरासमोर जाऊन लाज काढायची. हा प्रकार मी वर्षानुवर्षं तिसऱ्याच्याही खाली, खुर्चीच्या शेजारी, निरुपद्रवी म्हणून धरत होते. शाई नाही, चपला नाहीत, धक्काबुक्की नाही. घोषणा देतात आणि जातात. यात दुखण्यासारखं काय आहे?

घाटकोपरच्या टेकडीवर एक वस्ती आहे. नाव सांगत नाही, तिथल्या बायका अजून माझ्याशी फोनवर भांडतात. तिथे पाणी पहाटे यायचं ते पाऊण तास, आणि त्या वर्षी ते वरच्या गल्ल्यांत पोचेनासंच झालं. खालच्या अंगाला नवा टॉवर उभा राहिला होता. बायकांनी दोन अधिक दोन चार केले की, आमचं पाणी टॉवरला विकलं. विकलं कोणी? तर पाणी खात्यातल्या इंजिनीअरने. त्यांचं नाव वैद्य. या बायकांच्या पुढारी सुलभाताई परब. मालवणच्या, वडील गिरणीत होते, स्वतः डबे करून देतात. आवाज असा की माइक लावला तर माइकच बिचकावा. आमची ओळख जुनी. मी त्यांना सुलभा म्हणायचे, ती मला कांबळीण.

आंदोलनाची कुणकुण लागली की आम्ही दुसरी बाजूही विचारून येतो. मी वैद्यांच्या ऑफिसात गेले होते. चष्मा, हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, हळू बोलणारा माणूस. त्यांनी काही न बोलता फाइल माझ्यापुढे सरकवली. टेकडीच्या पायथ्याचा पंप म्हातारा झाला होता, त्याच्याने चढावर पाणी ढकलवत नव्हतं. नवा पंप द्या म्हणून वैद्यांनी वर तीन पत्रं लिहिली होती, एकाहून एक कळवळून. टॉवरची लाइनच वेगळी होती. मी ते सगळं वाचलं, चहा प्याले आणि आले.

आठवड्याने सुलभाचा फोन. "कांबळीण, रविवारी त्या वैद्याच्या घरी जातोय. मुलुंडला ऱ्हवता तो. चाळीस बायका, रिकामे हंडे. ऑफिसात कधी गावत नाय तो."

आता मी काय करायला हवं होतं हे कोणीही सांगेल. एवढंच म्हणायचं होतं की, सुलभा, थांब, मी कागद बघितलेत, तो माणूस तुमच्याच बाजूचा आहे. पण आमच्या टेबलाचा नियम असा की ऐकायचं, सांगायचं नाही. एकाचं दुसऱ्याला सांगायला लागलात की तुमच्याकडे कोणी काही बोलत नाही. हा झाला सांगायचा नियम. खरं कारण त्याहून हलकं होतं. मुलुंड माझ्या हद्दीत येत नव्हतं. त्या बायका आमच्या हद्दीतल्या ऑफिसवर गेल्या असत्या तर बंदोबस्त, गाड्या, अहवाल, माझा रविवार गेला असता. हद्द ओलांडून जातायत म्हटल्यावर, पोलिसात नोकरी केलेल्या माणसाला जे वाटतं तेच मला वाटलं. बरं झालं. मी मुलुंडच्या ठाण्याला फोन करून कळवलं, "महिला आहेत, शांततेत आहेत, काही होणार नाही." आणि घरी जाऊन मटण शिजवलं.

शांततेतच झालं. संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ आला. बिल्डिंगच्या गेटशी चाळीस बायका हंडे वाजवत होत्या. "वैद्य साहेब, लाज धरा, आमचे हंडे आधी भरा!" गेटवर मोठा कागद, त्यावर 'पाणीचोर'. बाल्कन्यांमधून माणसं बघतायत. तेवढ्यात वैद्य भाजीची पिशवी घेऊन आले. ते बायकांच्या पुढे हात जोडून मान खाली घालून उभे राहिले, आणि बायका दमेपर्यंत तसेच राहिले. ऑफिसची फाइल काही माणूस भाजीबरोबर घेऊन फिरत नाही. तिसऱ्या मजल्यावर एका खिडकीचा पडदा हलत होता. मी तो बघितला आणि पुढचा मेसेज उघडला.

दोन-तीन आठवड्यांनी वैद्य ठाण्यात आले. मला वाटलं तक्रार द्यायला आले. ते खुर्चीच्या टोकावर बसले आणि म्हणाले, "मॅडम, तो व्हिडिओ कुठून काढून टाकता येतो का?"

"बायकांवर तक्रार देताय?" मी विचारलं.

"नाही, नाही. त्यांना पाणी नाही हे खरंच आहे." मग थांबले. "ऋचा, माझी मुलगी, दहावीला आहे. त्या दिवशी घरी एकटी होती. तिची आई पुण्याला, आजीच्या आजारपणात. तेव्हापासून शाळेत जात नाही. ट्यूशनला मुली ती घोषणा गुणगुणतात. नवीन वर्षात प्रिलिम आहे. पहिल्या नंबरांतली आहे हो ती. आता नुसती बसून असते. माझ्याशी पण बोलत नाही."

व्हिडिओ कुठून कुठून काढणार! मी त्यांना तसं सांगितलं. ते "बरं" म्हणाले, खुर्ची सरळ करून ठेवली आणि गेले. रागावले असते तर मला सोसलं असतं. मी त्या दिवशी डबा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडी चढून सुलभाकडे गेले. नळाशी चार-पाच बायका कोरडे हंडे मांडून बसल्या होत्या, सुलभा मध्ये. मी तिला बाजूला बोलावलं. ती म्हणाली, "काय ता हयच बोल." मग मी तिथेच सांगितलं. पंप, तीन पत्रं, टॉवरची वेगळी लाइन, घरात एकटी असलेली पोर, सगळं.

सुलभा उठून उभी राहिली. "तू ही पत्रं कधी बघितलीस?"

"तुम्ही मुलुंडला गेलात त्याच्या आठवडाभर आधी."

"म्हणजे मी फोन केला तेव्हा तुला माहीत होतं?"

"होतं."

"आणि तू गप ऱ्हवलंस?" तिचा आवाज त्या दिवशी चढला नाही, उलट खाली गेला. "मी बारावी शिकलेली नाय. माका कोण फाइल दाखवणार? तू बघितलंस, आणि आमका चाळीस जणींका तेच्या पोरीच्या दारात उभा केलंस?"

बाकीच्या बायका माझ्याकडे बघत होत्या.  इतक्या वर्षांत मी लाज काढण्याचे सगळे प्रकार बघितले होते, पण सगळे बाजूला उभी राहून. त्या दिवशी मी मध्ये होते. कान तापतात, पायाशी काहीतरी शोधावंसं वाटतं आणि शोधायला काही नसतं. माझं कामच चुकलं होतं, आणि ते माझ्या तोंडावर सांगितलं गेलं होतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मग त्यांच्यात्यांच्यात वाद झाला. एकजण म्हणाली, "पाणी तर अजून नाय ना आलं? मग माफी कसली?" दुसरी म्हणाली, "आज माफी मागितली तर उद्या आपल्याला कोण विचारेल? सगळे बोलतील, या बायका उगाच बोंबलतात." ते काही खोटं नव्हतं. लाज काढणाऱ्याकडे पत एवढीच पुंजी असते. सुलभा ऐकत होती. शेवटी म्हणाली, "लाज चारचौघांत काढली. माफी तेच्या कानात कशी मागायची? त्याच गेटवर मागायची." आणि माझ्याकडे न बघता, "कांबळीण, तू त्याला विचार. आपण येऊ की नको. या वेळी विचारून जाऊ."

वैद्यांनी ऐकताक्षणी दोन्ही हात हलवले. "नको हो, पुन्हा गर्दी नको, पोरीला पुन्हा तेच." ते बरोबरच होतं. मी म्हटलं, "तिला एकदा विचारून बघता?" संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज कसासाच. "ती म्हणते, येऊ देत. तिला काहीतरी बोलायचंय. काय ते मला सांगत नाही."

त्या रविवारी आम्ही बारा जणी गेलो. हंडे नाहीत, फलक नाहीत. या वेळी हद्द कोणाची हे मी कोणाला विचारलं नाही. गेटशी बायका घोळक्याने उभ्या राहिल्या तशी बाल्कन्यांमध्ये माणसं आली, दोन मोबाइल वर झाले. वैद्य खाली आले, पुन्हा हात जोडून. सुलभाने पुढे होऊन त्यांचे जोडलेले हात सोडवले.

"तुम्ही नाही, आम्ही जोडायचे," ती म्हणाली, आणि मग वर तोंड करून सगळ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असं बोलली. "ऐका हो सगळे! त्या दिवशी आम्ही यांना पाणीचोर बोललो. ते खोटं होतं. यांनी आमच्या पाण्यासाठी तीनदा लिहिलंय. आमचं भांडण पाण्याचं आहे, ते आम्ही भांडणार. पण यांच्या दारात येऊन आम्ही चुकलो. काढा, याचा पण व्हिडिओ काढा. तो जितक्या जणांना पाठवलात ना, तितक्या सगळ्यांना हा पण पाठवा."

जिन्यातून मुलगी आली. बारीकशी, दोन वेण्या, वडिलांसारखाच चष्मा. ती येऊन सुलभाच्या समोर उभी राहिली. सुलभा तिच्या गालाला हात लावायला गेली तशी ती मागे सरकली. सुलभाचा हात तसाच राहिला.

"काकू, मुली चिडवतात म्हणून मी शाळेत जात नाही असं बाबांना वाटतं," ती म्हणाली. "तसं नाहीये. चिडवू देत ना, मला काय. त्या दिवशी मी वर पडद्यामागे होते. तुम्ही चाळीस जणी एकदम ओरडत होतात. मला वाटलं, इतक्या बायका खोटं कशाला बोलतील? मग बाबा वर आले. त्यांच्या हातात भाजी होती. मी त्यांना विचारलं, खरंच तुम्ही पाणी विकलंत का?"

वैद्य म्हणाले, "ऋचा, जाऊ दे बाळा."

"नाही, बाबा." ती आता रडत होती. "ते मला काहीच बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून ती फाइल घरी घेऊन आले आणि मला दाखवली. एकेक पत्र. तारखा दाखवल्या, शिक्के दाखवले. मला! मी त्यांची मुलगी आहे ना? त्यांनी मला कागद दाखवले. मला त्याचीच लाज वाटते. मुलींची नाही. मी विचारलंच कसं?"

बाल्कनीतले मोबाइल खाली गेले. कोणी सांगितलं नव्हतं. वैद्यांनी चष्मा काढला होता आणि तो पुसायचा सोडून नुसता हातात धरून उभे होते.  इतकी वर्षं जे मी निरुपद्रवी म्हणून लिहीत आले, ते त्या घरात कुठवर शिरलं होतं ते दिसलं.

सुलभाने पुन्हा हात पुढे केला. या वेळी पोर मागे सरली नाही.

"तू विचारलंस, बाय," सुलभा म्हणाली. "तेची कसली लाज? विचारलंस म्हणून तुला खरं कळलं. आम्ही चाळीस जणी. मी घरी सांगून आले, डबे लवकर उरकून आले, हंडे मोजून घेतले. पण एकीने, चाळिसातल्या एकीने, या माणसाला विचारलं नाही की बाबा, खरं काय?"

पोर तिच्या खांद्यात तोंड घालून हमसून हमसून रडली. वैद्य जवळ आले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "अगं, मला वाईट नव्हतं वाटलं. मला एवढंच कळेना की आणखी काय दाखवू." आणि तेही रडायला लागले.

सुलभा म्हणाली की त्यांनी विचारलं नाही. मला तर विचारायचीही गरज नव्हती. मी ती तीनही पत्रं वाचली होती, आणि तरी मघापासून गेटच्या खांबाआड उभी होते, सवयीने, जणू अहवालच लिहायचा होता. मी पुढे झाले.

"ऋचा, मी पोलीस आहे," मी म्हणाले. आजूबाजूला सगळे होते, बायका, वॉचमन, बाल्कन्या. "या बायकांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं. तुझ्या बाबांनी ती फाइल मला आधीच दाखवली होती. मी एक फोन केला असता तर त्या आल्या नसत्या."

तिने डोळे पुसले. "मग का नाही केलात?"

हद्द, टेबलाचा नियम, ऐकायचं आणि सांगायचं नाही, हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं. दहावीतल्या पोरीपुढे ते एकेक करून गळून पडलं.

"कंटाळा केला गं," मी म्हणाले.

 माफ केलं असं काही ती म्हणाली नाही, आणि तिने म्हणावं अशी माझी अपेक्षाही नव्हती. मग तिने बाबांच्या हातातून चष्मा घेतला, आपल्या ओढणीने पुसला, त्यांच्या डोळ्यांवर चढवला आणि दोघं जिना चढून वर गेली.

सोमवारी दुपारी वैद्यांचा ठाण्यावर फोन आला. "मॅडम, आज गेली शाळेत. मी गेटपर्यंत सोडायला आलो तर म्हणाली, बाबा, तुम्ही जा, मी जाते." फोन ठेवला आणि समोर हवालदार, तक्रारदार, सगळे बसलेले असताना मी टेबलावर डोकं टेकून रडले.